कंपनीमार्फत ग्रीन कार्ड : अमेरिकेत नव्याने आलेल्यांनी पहिल्या वर्षापासून काय करायचं

२०१४ च्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसात माझं आणि माझ्या मैत्रिणीचं ग्रीन कार्डाचं काम एकाच आठवड्यात सुरू झालं. कंपनी एक, वकील एक, पदही एकच. माझ्या जुन्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं फाइलमध्ये तयार होती. तिला पुण्यातल्या जुन्या ऑफिसकडून पत्र मिळवायला दोन महिने लागले. माझा अर्ज नोव्हेंबर २०१४ मध्ये गेला, तिचा जानेवारी २०१५ च्या दुसऱ्या आठवड्यात. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ च्या (नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा तिसरा प्रवर्ग) रांगेतल्या भारतीयांना शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरायची मुभा मिळाली, ती १ जानेवारी २०१५ च्या आधीची तारीख असलेल्यांना. मी त्यात बसले, ती राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये माझ्या हातात कार्ड आलं. तिची तारीख २०२५ संपलं तरी लागलेली नव्हती, म्हणजे रांगेत तिची पाळी आलेली नव्हती.

एका पत्रापायी एवढा फरक पडला. म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट सांगते, ती तारखेची. या सगळ्या प्रकरणात अर्ज कंपनीचा असतो, वकील कंपनीचा असतो, नोकरीही कंपनीची. प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, मात्र तुमची असते. ती लवकरात लवकर मिळवायची आणि जिवापाड जपायची.

रांग कशी आहे

अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ठरवली. त्यात नवरा-बायको आणि मुलंही मोजली जातात, म्हणजे चौघांचं कुटुंब चार कार्डं घेतं. वर आणखी एक अट आहे, ती म्हणजे कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त कार्डं जात नाहीत. दुसऱ्या देशांची उरली तरच जास्त मिळतात. भारतातून अर्ज करणारे प्रचंड, वाटा तेवढाच, त्यामुळे रांग तुंबते. २०२५ मध्ये ईबी-२ आणि ईबी-३ या दोन्ही रांगांत भारतीयांच्या २०१२-१३ च्या तारखा चालू होत्या.

इथे देश म्हणजे जन्माचा देश, पासपोर्टाचा नव्हे. आपल्याकडे कितीतरी जणांचे वडील कुवेत, मस्कत, दुबईत नोकरीला होते आणि मुलांचा जन्म तिथलाच. अशा माणसाचा पासपोर्ट भारताचा असला तरी तो भारताच्या रांगेत उभा राहत नाही. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म तिथला असेल, तर दोघांनाही त्या देशाची रांग धरता येते. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला हे सहा वर्षांनी कळलं, कारण बायकोचा जन्म बहारीनचा आहे हे वकिलाला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच भेटीत दोघांचं जन्मस्थळ सांगून टाका. मुलांच्या जन्माच्या देशाचा यात उपयोग होत नाही.

कंपनीला कधी विचारायचं

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एकूण सहा वर्षं राहता येतं. त्यापुढे मुदतवाढ हवी असेल, तर एकतर तुमचा पर्मचा, म्हणजे पहिल्या टप्प्याचा, अर्ज दाखल होऊन ३६५ दिवस झालेले असले पाहिजेत, म्हणजे एकेक वर्ष वाढवून मिळतं. किंवा आय-१४०, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा अर्ज, मंजूर होऊन तारीख लागलेली नसली पाहिजे, मग तीन-तीन वर्षं मिळतात. ही सोय २००० सालच्या कायद्याने आली. साधा हिशेब असा की पाचवं वर्ष संपायच्या आत पर्म दाखल झालेला हवा. त्याआधीच्या तयारीला सहज वर्ष जातं. पाचव्या वर्षी जागे होणाऱ्यांची मग धावपळ होते.

खरं तर पहिल्याच वर्षी विचारा. नोकरीच्या बोलणीतच विचारलं तर आणखी बरं. "तुमच्याकडे ग्रीन कार्ड कधी सुरू करतात?" हा प्रश्न इथे कुणालाही आगाऊपणाचा वाटत नाही. काही कंपन्यांत रुजू झाल्याबरोबर करतात, काही ठिकाणी वर्षभर थांबवतात, काही ठिकाणी मॅनेजरच्या शिफारशीवर असतं. उत्तर ईमेलवर घ्या. माझ्या पहिल्या कंपनीत, नाव सांगत नाही, मला तीन वर्षं "पुढच्या तिमाहीत बघू" हेच ऐकवलं. तोंडी आश्वासनावर मी बसून राहिले आणि ती वर्षं रांगेतून गेली ती गेलीच.

कायद्याने कुठल्याही कंपनीवर ग्रीन कार्ड करून देण्याची सक्ती नाही. चांगलं काम करून, नीट बोलून आणि पाठपुरावा करूनच ते होतं. पाठपुरावा म्हणजे दर दोन महिन्यांनी एचआरला दोन ओळींची नम्र मेल. त्यात संकोच नको.

पहिला टप्पा : पर्म

हे काम अमेरिकेच्या कामगार खात्याकडे चालतं. या जागेसाठी पात्र आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळाला नाही, हे कंपनीला दाखवावं लागतं. आधी त्या जागेचा त्या भागातला प्रचलित पगार किती हे खात्याकडून ठरवून घेतात, यालाच महिनोन्‌महिने लागतात. मग जाहिराती: रविवारच्या वर्तमानपत्रात दोनदा, राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवस, ऑफिसात कामाचे सलग १० दिवस सूचना, आणि पदवीधरांच्या जागांसाठी आणखी तीन प्रकारे. रविवारच्या अंकात कोपऱ्यातल्या बारीक टाइपात स्वतःच्या नोकरीची जाहिरात वाचताना पोटात कालवतं, हे मी अनुभवलंय. घाबरू नका, सगळ्यांचीच येते.

जाहिराती झाल्यावर मुदतीच्या आत अर्ज दाखल होतो, आणि तो ज्या दिवशी दाखल झाला ती तुमची प्रायॉरिटी डेट. मंजुरीला २०२५ मध्ये सव्वा वर्षाहून जास्त लागत होतं, पण तारीख दाखल केल्याच्या दिवसाचीच धरतात. म्हणून दाखल होण्याआधीचा प्रत्येक दिवस महाग आणि दाखल झाल्यानंतरचा त्यामानाने स्वस्त.

या टप्प्यात तुमच्या हातात काय आहे? तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही महत्त्वाच्या.

एक, अनुभवपत्रं. भारतातल्या बहुतेक कंपन्या निघताना रिलीव्हिंग लेटर देतात. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते, बाकी काही नसतं. इथे ते पुरत नाही. लेटरहेडवर पद, पूर्णवेळ होतं की नाही, तारखा, प्रत्यक्ष काय काम केलं आणि कोणती तंत्रं वापरली, हे सगळं लिहिलेलं, सही करणाऱ्याच्या नावापदासह पत्र लागतं. एचआर देत नसेल तर तेव्हाच्या मॅनेजरकडून किंवा सहकाऱ्याकडून प्रतिज्ञापत्र चालू शकतं, पण त्या माणसाने तिथे तुमच्याबरोबर काम केल्याचा पुरावा हवा. आज अजून भारतात असाल आणि राजीनामा द्यायचा असेल, तर निघायच्या आधीच हे पत्र घेऊन ठेवा. पाच वर्षांनी ती कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतलेली असते आणि तुम्हाला ओळखणारं तिथे कुणी उरत नाही.

हीच कंपनी, जी अर्ज करतेय, तिच्यातला अनुभव सहसा धरत नाहीत. म्हणजे जागेची अट पाच वर्षांची असेल, तर ती पाच वर्षं या नोकरीच्या आधीची दाखवता आली पाहिजेत.

दोन, पदवी. ईबी-२ ला अमेरिकेतल्या मास्टर्सच्या तोडीची पदवी, किंवा बॅचलर्स आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव लागतो. तुमच्याकडे आहे एवढ्याने भागत नाही, त्या जागेलाच तेवढी गरज असावी लागते. आपल्या बी.एस्सी., बी.कॉम.ची तीन वर्षं इथल्या चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरत नाहीत. दोन अभ्यासक्रमांची बेरीज करून चार वर्षं भरवली, तर ईबी-२ मध्ये ते बहुधा अडतं. आणि डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्या मुलांनी, महाराष्ट्रात अशी हजारो आहेत, डिप्लोमाच्याही सगळ्या गुणपत्रिका जोडाव्यात. नाहीतर कागदावर बी.ई. तीनच वर्षांची दिसते आणि विचारणा येते.

तीन, पैसा. पर्मच्या वकिलाची फी आणि जाहिरातींचा खर्च कंपनीनेच करायचा, असा २००७ चा नियम आहे. तुमच्या पगारातून कापणं, नंतर परत मागणं, "नोकरी सोडलीस तर पर्मचे पैसे भर" असा करार करून घेणं, हे सगळं नियमाविरुद्ध आहे. छोट्या कन्सल्टन्सीत नवीन मुलांकडून असे पैसे सर्रास मागितले जातात आणि मुलं गुपचूप देतात. देऊ नका. जो मालक पहिल्या टप्प्यावरच नियम मोडतो, त्याच्या कागदांवर तुमची पुढची दहा वर्षं उभी राहणार आहेत.

दुसरा टप्पा : आय-१४०

पर्म मंजूर झाला की १८० दिवसांच्या आत कंपनीने इमिग्रेशन खात्याकडे आय-१४० दाखल करायचा. मुदत चुकली तर पर्म बाद आणि सगळं पहिल्यापासून. इथे दोन गोष्टी तपासतात: तुम्ही त्या जागेला पात्र आहात का, आणि ठरलेला पगार द्यायची कंपनीची ऐपत प्रायॉरिटी डेटच्या दिवसापासून आहे का. दुसऱ्यासाठी टॅक्स रिटर्न, वार्षिक अहवाल किंवा तपासलेले ताळेबंद लागतात. मोठ्या कंपनीत याची काळजी नसते. दहा-पंधरा माणसांच्या कंपनीत हे आधी विचारून घ्या, विचारताना लाजू नका. जादा शुल्क भरून कामाच्या १५ दिवसांत उत्तर मिळवायची सोयही आहे.

आय-१४० मंजूर झाल्याचा कागद कंपनीकडे किंवा वकिलाकडे जातो. तो मागा. पूर्ण प्रत देत नसतील तर निदान पावती क्रमांक, मंजुरीची तारीख, रांग आणि प्रायॉरिटी डेट लिहून घ्या. काहीच मिळालं नाही तर माहितीच्या हक्काखाली खात्याकडे स्वतः अर्ज करून फाइलची प्रत मागवता येते. पर्मच्या मंजूर फॉर्मवर तुमचीही सही लागते, तेव्हाच प्रत मागून घेणं सगळ्यात सोपं.

मंजुरीनंतर १८० दिवस थांबलात, तर एक मोठं संरक्षण मिळतं. त्यानंतर कंपनीने अर्ज मागे घेतला किंवा कंपनी बंद पडली, तरी एच-वन-बीच्या मुदतवाढीसाठी तो आय-१४० ग्राह्य राहतो. हा नियम जानेवारी २०१७ पासून आहे. नवीन कंपनीत गेलात तर पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण तारीख जुनीच लागते. अपवाद खोटेपणाचा किंवा खात्याच्या ठळक चुकीचा. त्यामुळे "कंपनी बदलली तर रांगेत शेवटी जाईन" ही भीती आय-१४० मंजूर झाल्यानंतर सोडून द्या. लोक याच भीतीपोटी वर्षानुवर्षं कमी पगारात राबताना मी पाहिलेत.

मधली वर्षं

परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात दोन तक्ते असतात: एक कार्ड द्यायच्या तारखांचा, दुसरा अर्ज भरायच्या तारखांचा. कुठला तक्ता धरायचा हे इमिग्रेशन खातं त्या-त्या महिन्याला जाहीर करतं. सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून ऑक्टोबरच्या बुलेटिनकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. तारखा पुढे सरकतात तशा मागेही जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ ची तारीख भारतीयांसाठी १ डिसेंबर २०१४ होती, ऑक्टोबरमध्ये ती १ एप्रिल २०१२ वर आली. कोविडच्या काळात कुटुंबाच्या कोट्यातली कार्डं वापरली गेली नाहीत, ती नोकरीच्या कोट्यात आली आणि २०२२ च्या सरकारी वर्षात तो कोटा २ लाख ८० हजारांवर गेला होता. ती लाट ओसरली आणि दार लागलं.

जुन्या लोकांना २००७ चा जुलै आठवत असेल. सगळ्या तारखा खुल्या झाल्याचं जाहीर झालं, २ जुलैला ते मागे घेतलं गेलं, तेव्हा भारतीयांनी गांधीगिरी करत इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांना शेकड्यांनी पुष्पगुच्छ पाठवले. १७ जुलैला निर्णय पुन्हा फिरला आणि अर्ज घेतले गेले. ती फुलं त्यांनी जखमी सैनिकांच्या इस्पितळात पाठवून दिली होती. कुणाला शिव्याशाप न देता आपली माणसं रांगेत उभी राहिली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

या काळात सांभाळायच्या काही गोष्टी आहेत. तुमचा आय-१४० मंजूर असेल, तर एच-४ वरच्या (एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) नवऱ्याला किंवा बायकोला कामाचा परवाना मागता येतो, ही सोय २०१५ पासून आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात नव्या कंपनीने एच-वन-बीचा अर्ज दाखल केला पाहिजे. ऑफिस दुसऱ्या शहरात हलणार असेल तर आधी वकिलाला विचारा, कारण पर्म त्या भागातल्या जागेचा असतो.

मुलांचं वय हा सगळ्यात जिव्हारी लागणारा विषय. २१ पूर्ण झालं की मूल तुमच्या अर्जातून बाहेर पडतं. आय-१४० जितके दिवस विचाराधीन होता, तेवढे दिवस वयातून वजा होतात. पण ही वजावट जादा शुल्काच्या घाईने झालेल्या अर्जात जेमतेम दोन-तीन आठवड्यांची असते. मूल दहा-बारा वर्षांचं असेल तर आजच कागद-पेन घेऊन हिशेब मांडा. ते २१ चं व्हायच्या आत तारीख लागायची शक्यता कमी असेल, तर स्वतःच्या विद्यार्थी व्हिसाची तयारी अकरावी-बारावीपासून करता येते.

तारीख लागली : आय-४८५

हा शेवटच्या टप्प्याचा अर्ज. आता अर्ज तुमचा स्वतःचा, घरातल्या प्रत्येकाचा वेगळा. १ एप्रिल २०२४ पासून शुल्क माणशी १४४० डॉलर आहे, आईवडिलांबरोबर अर्ज करणाऱ्या १४ वर्षांखालच्या मुलाला ९५०. वैद्यकीय तपासणी खात्याने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच करायची, आणि डिसेंबर २०२४ पासून तिचा सीलबंद अहवाल अर्जासोबतच जोडावा लागतो. लसींच्या नोंदी भारतातून मागवून ठेवा, लहानपणीचं पिवळं पडलेलं कार्ड असलं तरी.

सगळ्यात जास्त अडतं ते जन्मदाखल्यावर. माझ्या नवऱ्याचा जन्म सांगली जिल्ह्यातल्या एका गावचा. दाखला आला, त्यात आईवडिलांची नावं बरोबर, तारीख बरोबर आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मी फोनवर चुलतसासऱ्यांना विचारलं, "काका, दाखल्यावर ह्यांचं नाव कसं नाही?" ते म्हणाले, "अगं, नोंद झाली तेव्हा बारसं कुठं झालं होतं? नाव कुठनं लिहिणार!" काका तीनदा ग्रामपंचायतीत गेले, ग्रामसेवकांनी शाळेच्या दाखल्यावरून नाव चढवलं आणि नवा दाखला मिळाला. हे सगळं तारीख लागायच्या दोन वर्षं आधी केलं होतं म्हणून निभावलं.

नोंदच सापडत नसेल, तर तिथल्या निबंधकाकडून नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्माच्या वेळी हयात आणि जाणत्या असलेल्या दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. आई, आत्या, मामा, कुणीही चालतं. ही माणसं वयस्कर असतात, म्हणून सही पुढे ढकलू नका. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर लागतं, ते करणाऱ्याने भाषा येत असल्याचं आणि भाषांतर बरोबर असल्याचं लिहून सही करायची.

दुसरी अडचण आपल्या नावांची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मध्ये वडिलांचं नाव. लग्नानंतर पासपोर्टावर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. विवाह नोंदणीत सासरचं बदललेलं पहिलं नावही. अधिकाऱ्याला या तीन वेगळ्या बायका वाटतात. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर ती, आणि "ही सगळी नावं माझीच" असं प्रतिज्ञापत्र एकत्र जोडा. अर्जातल्या आधीच्या नावांच्या रकान्यात एकूण एक रूपं लिहा.

अर्जासोबतच कामाचा आणि प्रवासाचा परवाना मागता येतो. तो प्रवास परवाना हातात येईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका. वैध एच किंवा एल (कंपनीने बदलीवर पाठवलेल्यांचा) व्हिसा असलेल्यांना मुभा आहे, इतर कुणी गेलं तर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. अर्ज दाखल होऊन १८० दिवस झाले, की त्याच प्रकारच्या कामाच्या दुसऱ्या नोकरीत जाता येतं आणि पर्म पुन्हा करावा लागत नाही. घर बदललं तर १० दिवसांत खात्याला पत्ता कळवा. पोस्टाने आलेलं कार्ड जुन्या घरी गेलं की ते मिळवणं फार अवघड.

कार्ड आलं की पाकीट फोडून आधी नाव, जन्मतारीख आणि जन्माचा देश तपासा. चूक खात्याची असेल तर दुरुस्तीला शुल्क लागत नाही. मग एचआरला प्रत द्या आणि सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा. तुमच्या जुन्या सोशल सिक्युरिटी कार्डावर काम फक्त परवानगीनेच करता येईल अशी ओळ छापलेली असते. ती ओळ नसलेलं नवं कार्ड तिथे फुकट मिळतं.